अण्णांना घरी आणलंय, रात्री कशा काढायच्या?

कृष्णाकाठ (रात्री १:४०)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे वडील, अण्णा. वय ६९. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. तंबाखूची सवय जुनी. दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आत जखम झाली, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) दिली, सहा-सात महिने चांगले गेले. दिवाळीनंतर गाठ परत आली आणि आता गालातून बाहेर फुटली आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड हातात दिलं आणि म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा करायला आमची ना नाही. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिथं कुणी सांगितलं नाही. नाकातल्या नळीतून पातळ खायला द्यायचं एवढं एका सिस्टरनं बायकोला दाखवलं, तेही दारात उभं राहून.

आमचं गाव कराडपासून १४ किलोमीटर. मी पतसंस्थेत आहे. धाकटा भाऊ घणसोलीला, माथाडीत. तो पैसे पाठवतो, महिन्यातून एकदा येतो. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. म्हणजे दिवसा बायको आणि रात्री मी.

दिवस कसाही निघतो. रात्र निघत नाही. दुखायला लागलं की गोळी देतो, दीड-दोन तास बरं असतं, मग परत कळ. अण्णांना बोलता येत नाही, ओरडताही येत नाही. कळ आली की उजवा पाय गादीवर जोरात दाबून धरतात, ब्रेक दाबल्यासारखा. मी खाली अंथरुणावर झोपतो, पण त्या पायाचा आवाज आला की जाग येते. दोनला येते, साडेतीनला येते, पाचला येते. पुढची गोळी सहा तासांनी द्या असं लिहिलंय, मग तोवर मी त्यांचा हात धरून बसतो.

दुसरं, जखमेचा वास. लिहायला जीव होत नाही, पण आहे. कुणी भेटायला आलं की अण्णा भिंतीकडे तोंड करतात. आता लोकही सोप्यातूनच बोलून जातात.

घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एका ब्यूरोकडून बाई ठेवून पाहिली. महिन्याचे आगाऊ पैसे भरले. त्या आल्या, जखम बघितली, दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. ब्यूरोवाले आता फोन उचलत नाहीत.

अण्णांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. आई म्हणते, सांगितलं तर हाय खातील. लेकीनं तिची पाटी त्यांना दिली आहे, त्यावर लिहितात. परवा रात्री लिहिलं, "झोप." मला झोप म्हणत होते की त्यांना झोप हवी होती, कळलं नाही.

ज्यांनी घरी केलंय त्यांनी सांगा. परत दवाखान्यात न्यावं का?

---

जाईचा वेल (सकाळी ६:२०)

दादा, माझ्या आईला जिभेचा कॅन्सर होता. सात महिने मी तिला पुण्यात घरी सांभाळलं. त्यातले पहिले दोन महिने अगदी तुमच्यासारखेच गेले आणि ते दोन महिने मला अजून विसरता येत नाहीत, कारण ते तसे जायलाच नको होते. म्हणून सगळ्यात आधी दुखण्याचं बोलते. बाकीचं नंतर.

दुखायला लागल्यावर गोळी द्यायची, हीच आमची चूक होती. असल्या दुखण्यात गोळी घड्याळ बघून द्यायची असते, कळ यायच्या आत. आणि तुम्ही देताय ती गोळी या दुखण्याला पुरत नाहीये हे उघड आहे. त्यांना बहुतेक मॉर्फिन लागेल, म्हणजे अफूपासूनचं जोरदार दुखणं थांबवणारं औषध. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते. आईला डॉक्टरांनी वेळापत्रक दिलं होतं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. मधेच कळ आली तर जादा एक डोस द्यायची मुभा होती, तो किती हे कार्डावर लिहून दिलं होतं. तुमच्या अण्णांचा डोस त्यांचे डॉक्टर ठरवतील, आईचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, सरकारमान्य संस्थेतच मिळते. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला, तेव्हापासून अशा संस्थांना मॉर्फिन ठेवणं आधीपेक्षा सोपं झालंय. जिथं ऑपरेशन झालं तिथंच 'पेन क्लिनिक' किंवा 'पॅलिएटिव्ह' (आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारा) विभाग कुठं आहे ते विचारा. ओपीडीत पुन्हा रांग लावू नका, नेमका हाच शब्द वापरा. भाऊ मुंबईकडे आहेत ना? टाटा हॉस्पिटलमध्ये हा विभाग १९९६ पासून आहे. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, अण्णांचं आणि स्वतःचं आधार, आणि अण्णांचा मोबाईलवर काढलेला एक ताजा व्हिडिओ घेऊन त्यांना पाठवा. पेशंटला नेता येत नसेल तर काय करायचं ते तिथले लोक सांगतात.

गोळी मिळाली की तीन गोष्टी लक्षात ठेवा. साधी गोळी कुस्करून पाण्यात घालून नळीतून देता येते, पण पाकिटावर 'एसआर' लिहिलं असेल ती कधीही कुस्करायची नाही. ते सावकाश सुटणारं औषध असतं, कुस्करलं तर सगळं एकदम अंगात जातं. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. डॉक्टरांनी दिलं नाही तर मागून घ्या. आणि पहिले दोन-तीन दिवस माणूस गुंगीत राहतो, कधी मळमळतं. आई पहिल्या दिवशी इतकी झोपली की माझी मावशी रडायला लागली. तिसऱ्या दिवशी आई उठून खिडकीशी बसली. ती गुंगी निम्मी तर साठलेल्या जागरणाची होती. मात्र माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता वास. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, हे कुणी सांगत नाही याचा मला राग येतो. मेट्रोनिडाझोलची गोळी खलबत्त्यात अगदी पिठासारखी कुटून जखमेवर भुरभुरवायची. आम्हाला वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये हे शिकवलं. (कॅन्सरच्या पेशंटसाठी हे केंद्र १९९७ पासून आहे, राहणं-औषध मोफत, आणि घरच्या माणसाला पेशंटजवळ ठेवून सगळं हातानं करायला लावतात. आम्ही दहा दिवस राहिलो. जमत असेल तर अण्णांना घेऊन आठवडाभर जाच.) जखम धुवायचं पाणी घरी करता येतं: अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, चांगलं उकळायचं, झाकून गार करायचं. जुनं ड्रेसिंग कोरडं ओढायचं नाही. त्या पाण्यानं भिजवत ठेवायचं, दहा मिनिटं लागली तरी चालतील, मग ते आपोआप सुटतं. मी सुरुवातीला घाईनं ओढायचे आणि रक्त यायचं. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी दिलेली असावी. पूड भुरभुरून वर गॉज. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी फरक पडला. आठव्या दिवशी शेजारच्या काकू आत येऊन पलंगावर बसल्या, आईच्या पायाशी. मच्छरदाणी दिवसाही लावा, माशी जखमेवर बसू देऊ नका.

नळीचं: पाठ टेकून बसवून द्यायचं, नंतर अर्धा तास तरी तसंच बसू द्यायचं. एका वेळी साधारण वाटीभर, सिरिंज उंच धरून आपल्या आपण उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. आधी पाणी, नंतर पाणी. नाचणीची पेज देत असाल तर दोनदा गाळा, एकदा गाळून नळी तुंबते हे मी स्वतः भोगलंय.

शेवटचं पाटीबद्दल. अण्णांना माहीत आहे. ३१ वर्षं रस्ता बघून गाडी चालवलेला माणूस आहे तो, त्याला कळत नसेल असं होणार नाही. माझ्या आईनंही आम्हाला कळू दिलं नव्हतं की तिला कळलंय, आणि आम्हीही तिला. एकाच खोलीत सगळे एकमेकांपासून लपवत बसलो होतो. तुम्ही काही सांगू नका. फक्त पाटी हातात द्या आणि विचारा, "अण्णा, तुम्हाला काय वाटतंय? काही विचारायचंय का?" आणि मग गप्प बसा. ते लिहितील तेवढंच बोला.

---

पांथस्थ (सकाळी ९:०५)

ताईंनी चांगलं लिहिलंय, पण मॉर्फिनचं जपून. सवय लागते म्हणतात. आमच्या चुलत्यांना डॉक्टरांनी सुचवलं होतं, आम्ही नको म्हणालो. बाकी अण्णांचं वय ६९ आहे म्हणजे ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन वापरता येईल, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मोफत आहे. ७० पूर्ण झाली की आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून ठेवा.

---

जाईचा वेल (सकाळी ९:३१)

पांथस्थ, तुमच्या चुलत्यांबद्दल वाईट वाटलं. पण हे वाचून आणखी कुणी नको म्हणू नये म्हणून लिहिते. दुखणं आहे म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन लागणं क्वचितच घडतं. डोस वाढतो तो बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे. एवढंच सांभाळायचं की मनानं एकदम बंद करायचं नाही आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या. मी आईचं "नको" ऐकून दोन महिने घालवले. ते "नको" तिचं नव्हतं, आमच्या घरातल्या मोठ्यांचं होतं.

आणि आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं. घरच्या बाईचा पगार, डायपर, गॉज यांतलं त्यात काही बसत नाही. तो हिशेब आधीच धरून चाला.

---

मिरजेची सिस्टर (दुपारी ३:१५)

मी २८ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. आता निवृत्त आहे, मिरजेत आसपासच्या पेशंटना घरी जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी करते. जाईच्या वेलाने लिहिलेलं बरोबर आहे. मी फक्त जे घरच्यांना आधी सांगायला लागतं ते सांगते.

गालाची जखम मानेकडे उतरत असेल तर कधीतरी रक्तस्राव होऊ शकतो. होईलच असं नाही. पण दोन-तीन गडद रंगाचे टॉवेल, मरून किंवा काळे, पलंगाच्या उशाशी घडी करून ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही फार दिसतं, त्यानं पेशंटपेक्षा घरचे घाबरतात आणि घरचे घाबरले की पेशंट घाबरतो. रक्त आलं तर ज्या बाजूनं येतंय त्या कुशीवर वळवा, टॉवेल दाबून धरा, हात सोडू नका. अशा वेळी द्यायचं गुंगीचं औषध घरी ठेवता येतं, डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. लेकीला त्या वेळी बाहेर कोण नेणार हेही ठरवून ठेवा.

नळी अर्धवट बाहेर आली तर परत आत सारू नका. चिकटपट्टीनं आहे तिथं धरा, खायला बंद, आणि दवाखाना.

पाठ रोज उजेडात बघा. माकडहाड, टाचा, खुबे. लाल झालेली जागा दाबून पांढरी होत नसेल तर तिथं बेडसोअर सुरू होतोय. चोळायचं नाही. दर दोन तासांनी कूस. एअर बेड विकत घेऊ नका, रुग्णसाहित्य अनामत ठेवून देणाऱ्या संस्था आपल्याकडे बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत, पलंग आणि एअर बेड दोन्ही मिळतात. गावातल्या जुन्या डॉक्टरांना किंवा देवळाच्या ट्रस्टला विचारा.

बाई ठेवताना: ब्यूरोला आधीच सांगा की नळी आहे आणि चेहऱ्यावर उघडी जखम आहे. लपवलं की पळतात. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. 'जनरल ड्यूटी असिस्टंट'चा, म्हणजे पेशंटची सेवा शिकवणारा, कोर्स केलेली मागा. पैसे आठवड्याचे आठवड्याला. पहिले दोन दिवस ड्रेसिंग तुम्ही करा आणि तिला नुसतं शेजारी उभं करा. तिला जेवायला घरात वाढा, त्यानंही बायका टिकतात.

आणि एक. तुमच्या गावच्या डॉक्टरांना आतापासून आठवड्याला एकदा घरी येऊन जायला सांगा. माणूस घरी गेला तर मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला (नमुना ४-अ) त्यांनीच द्यायचा असतो, आणि नोंद २१ दिवसांत करायची असते. ज्यांनी पेशंट पाहिलेलाच नाही असे डॉक्टर दाखला द्यायला कचरतात. मग त्या दिवशी घरच्यांची धावपळ होते. ती मी खूप घरांत बघितली आहे.

---

गलाईकर (रात्री १०:४८)

दादा, मी खानापूर तालुक्यातला. कोळिकोडला २२ वर्षं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात आहे. इथं १९९३ मध्ये मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी असल्या पेशंटसाठी सोसायटी काढली आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं धोरणच केलं. माझ्या दुकानाच्या मालकाच्या आईला लकवा होता. पंचायतीची नर्स जीपमधून यायची, आशाताई सोबत. कॅथेटर बदलायची, पाठ बघायची, सुनेला पाच मिनिटं बाहेर बसवून चहा प्यायला लावायची. गल्लीतली कॉलेजची पोरं औषधं आणून द्यायची. कुणी कुणावर उपकार करतंय असं वाटायचं नाही.

आपल्याकडे तसं जाळं नाही हे खरं. पण उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आयुष्मान आरोग्य मंदिर बोर्ड असतो तिथं. वृद्धांची आणि असल्या आजाऱ्यांची घरी काळजी हे त्यांच्या ठरलेल्या कामांत आहे. आशाताईंना घेऊन जा आणि अण्णांचं नाव नोंदवा. सगळं करतील असं नाही, पण बीपी बघायला, गॉज द्यायला, पाठ बघायला कुणी दारात येतं याचाही आधार असतो. माझे वडील गावी गेले तेव्हा मी इथं होतो. आईनं एकटीनं केलं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

---

कृष्णाकाठ (नऊ दिवसांनंतर, रात्री ९:२०)

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. उशीर झाला, लिहायला सवड नव्हती.

भाऊ फाईल आणि व्हिडिओ घेऊन गेला. 'पॅलिएटिव्ह' म्हटल्यावर वॉचमननेच बोट दाखवलं म्हणे. तिथल्या मॅडमनी माझ्याशी आणि बायकोशी फोनवर बोलून गोळ्या लिहून दिल्या. भाऊ रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे घरी आला. आज सहावा दिवस. पहिले दोन दिवस अण्णा झोपूनच होते. आई दर तासाला नाकाशी हात धरायची. तिसऱ्या रात्री मला जाग आली ती पाच वाजता, कोंबडा आरवल्यावर. पायाचा आवाज नव्हता. मी उठून बघितलं तर अण्णा कुशीवर झोपलेले, पाय सैल.

वास निम्म्यानं कमी आहे. पूड बायको करते, ड्रेसिंग मी. भिजवत बसायचं जमायला लागलंय. गडद टॉवेल उशाशी ठेवले आहेत, आईला कारण सांगितलेलं नाही. आशाताई येऊन गेल्या, आरोग्य अधिकारी मॅडम पुढच्या मंगळवारी येणार आहेत. डॉक्टर दर रविवारी येतो म्हणाले, ते अण्णांच्याच गाडीतून कॉलेजला जायचे.

पाटी दिली. जाईच्या ताईंनी सांगितलं तसं विचारलं आणि गप्प बसलो. त्यांनी बराच वेळ पेन्सिल नुसती धरली. मग लिहिलं, "माहीत आहे. दवाखाना नको." मी बरं म्हणालो. पुसून परत लिहिलं, "सूनबाईला माहेरी पाठव चार दिवस." तिच्या भावाकडे बारसं आहे, ती जाणार नव्हती. मी रजा टाकली आहे, ती उद्या जातेय. परवा गुरुवारी घणसोलीचा भाऊ येतोय, त्याला ड्रेसिंग शिकवणार आहे.

सिस्टर, एक विचारायचं होतं. नळी बसवून दीड महिना होत आला. आमच्या इथले एक कंपाउंडर घरी येऊन बदलतो म्हणतात. बदलू का?

---

मिरजेची सिस्टर (रात्री ९:४४)

नको. गालाला आणि घशाला आजार आहे, घरी बदलताना रक्त येऊ शकतं. दवाखान्यातच न्या आणि आधी फोन करून वेळ घ्या, म्हणजे ताटकळायला नको. सकाळची दहाची गोळी देऊन निघा. दोनची कुस्करून, डबीत भरून सोबत घ्या. नळी बदलायला वेळ लागला तरी ती चुकवू नका. गाडीत दोन टॉवेल ठेवा, आणि अण्णांना पुढच्या सीटवर बसवा, पाठ थोडी मागे करून.